डिसेंबरची रजा

दादा फौजेत गेल्यावर घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच उरले. त्यामुळे त्याला जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हातचं असे. आबा बोलत, आई मध्येच काहीतरी घालायला सांगे आणि मी निळ्या आंतर्देशीय पत्रावर बारीक अक्षरात सगळं कोंबून बसवत असे. पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नुसता त्याचा नंबर, हुद्दा आणि पुढे आकडे. आईला ते कधी पटलं नाही. "गावच न्हाय तर पत्र जातंय कुठं?" ती दर वेळी विचारी. तरी ते जाई आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याचं उत्तरही येई.

त्यांतलं एक पत्र मी सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात लिहिलं. त्याबद्दल नंतर दोन वर्षं मी घरात तोंड उघडलं नाही. ते सांगायचं तर आधी आमचं घर मुलुंडला कसं आलं, ते सांगायला हवं.

आई-आबा साताऱ्याच्या डोंगराकडच्या एका खोऱ्यातले. मी ते खोरं पाहिलेलं नाही. मी जन्मायच्या आधीच ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा घराचे वासे काढून, बैल आणि भांडी घेऊन दोघं ट्रकात बसली. बदली जमीन मिळाली ती खाली खाडीकाठी. डोंगरात नाचणी आणि वरी पिकवणाऱ्या माणसांना खारं पाणी जमिनीला काय करतं हे ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी बांध फुटून भरतीचं पाणी शेतात आलं. दुसऱ्या वर्षी भात वीतभर वाढून पिवळं पडलं. तिसऱ्या वर्षी माझी थोरली बहीण, दीड वर्षाची, जुलाबानं गेली. प्यायचं पाणी मैलभर लांबून आणावं लागे. पोर दिवसभर पाणी मागत होती आणि कळशीत तळाला घोटभर उरलं होतं, हे आईनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं. पोरीला तिथंच पुरून दोघं निघाली. बैल शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधून आली, म्हणाली, ठेवा तुम्हालाच.

खोऱ्यातला एक ओळखीचा माणूस मुलुंडला कारखान्यावर रखवालदार होता. त्याच्या आधारानं ती इथं आली. मुलुंडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा नुसतं रान होतं. त्यातला एक तुकडा बाजारातल्या एका वयस्कर शेठचा. त्यावर घाणेरीची जाळी माणसाच्या डोक्यावर गेलेली, खाली दगड आणि सापांची वारुळं. "साफ कर, पिकव, खा," शेठ आबांना म्हणाले. "आमच्या घरी भाजी पाठवत जा. मी आहे तोवर तुला कोणी हात लावणार नाही." कागद झाला नाही. आबांना कागद मागायचं सुचलंही नाही.

पहिली दोन वर्षं ती दोघं रान तोडत होती. कोयता, पहार, कुदळ, एवढंच सामान. वेचलेल्या दगडांचे आबांनी बांध घातले. मग विहीर खणली. आबा खाली खणत आणि आई वर उभी राहून दोरानं मातीची घमेली ओढत असे. दादा तेव्हा तिच्या पोटात होता, सातवा महिना लागेपर्यंत ती ओढत राहिली. एका सकाळी खाली ओल लागली, मग बोटभर पाणी साचलं. आबांनी ओंजळीत घेऊन ते चाखलं आणि वर बघून ओरडले, "गोडं हाय गं!" आई म्हणे, तिला तिथंच रडू फुटलं आणि आबांना वाटलं तिच्या पोटात दुखायला लागलं.

मी आले त्यानंतर पाच वर्षांनी. मला आठवतं तेव्हापासून ते रान नव्हतंच, तो मळा होता. माठ, मुळा, पालक, मेथी, उन्हाळ्यात भेंडी, मांडवावर पडवळ आणि घोसाळी. कुडाची दोन खणांची खोपी. डोंगरावरून कधी बिबळ्या उतरून कुत्रं उचलून नेई, म्हणून दिवस मावळायच्या आत आई आम्हाला आत ओढायची. सकाळी आबा हारा डोक्यावर घेऊन बाजारात जात आणि शेठच्या घरची भाजी आधी देत. निवडून, धुऊन.

दादाचा जीव त्या मळ्यात होता. मला शाळा आवडायची, त्याला नाही. तो दहावीपर्यंत कसाबसा रेटला. मुळा उपटायच्या आधी तो बोटानं मातीत चाचपून सांगे, "आजून चार दिस." आणि ते बरोबर असे. मला तो 'बारके' म्हणायचा. चिडवायचा, पण माझ्या वह्यांना स्वतः कव्हरं घालून द्यायचा. खताच्या गोणीतला जाड कागद असायचा तो. वर्गात सगळ्या हसायच्या, म्हणून मी रडले होते एकदा.

एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला. त्याला बंदुकीचं वेड नव्हतं. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं की फौजेतल्या माणसाच्या घरच्यांचं सरकारी कचेरीत ऐकून घेतात. निघताना तो आबांना म्हणाला, "तुमाला दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा न्हाय उठवायचं कोन. सातबाऱ्यावर नाव लावून देतो बगा." आबा हसले होते. त्यांना वाटत होतं शेठचा शब्द आहे तेवढा पुरे.

शेठ श्याऐंशीत गेले. मुलांनी वर्षाच्या आत जमीन बिल्डरला विकली आणि आम्हाला जागा सोडण्याची नोटीस आली. मी ती आबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "परत वाच." मी तीनदा वाचली.

बाजारात भाजी घ्यायला येणारे एक वकील होते. त्यांनी सांगितलं, इतकी वर्षं जमीन कसताय, कूळ म्हणून अर्ज करा. मग आम्ही जुने उतारे काढले. पीकपाहणीच्या रकान्यात, जिथं कोण काय पिकवतो ते लिहायचं असतं, तिथं दर वर्षी एकच शब्द होता. गवत. वीस वर्षांत तिथं कोणी येऊन बघितलंच नव्हतं. आमच्या भेंडीचं, मुळ्याचं, विहिरीचं सगळं मिळून गवत.

"तरी लढू," वकील म्हणाले. "सुनावणीला मुलाला युनिफॉर्ममध्ये उभं करा. फरक पडतो."

सुनावणी ऑक्टोबरात, दसऱ्याच्या पुढेमागे लागली. दादानं त्या बेतानं रजा मंजूर करून घेतली आणि तसं कळवलं. आई तेव्हापासून दिवस मोजायला लागली. आणि सप्टेंबरात वकिलांचा निरोप आला की तारीख पुढं गेली, आता डिसेंबर.

त्या संध्याकाळी आबांनी मला पत्र लिहायला बसवलं. आई उंबऱ्यात गवार मोडत होती.

"लिही, तारीख पुढं गेली. आता येऊन उपेग न्हाई. रजा बदलून घे, डिसेंबरात ये."

"येतोय तर येऊ द्या की सणाला," आई म्हणाली. "आट म्हैनं झालं बगून."

"रजा काय रोज मिळती व्हय? दसऱ्याला खाऊन-पिऊन जाईल, आन् डिसेंबरात मी एकटाच हुबा ऱ्हाऊ सायबाम्होरं?"

आई पुन्हा गवार मोडू लागली. मी लिहिलं. आणि शेवटी जागा उरली होती तिथं माझ्या मनानं एक ओळ घातली. मी बारावीला होते. सहामाही परीक्षा दसऱ्याच्या सुमारास होती आणि दादा आला की खोपीत माणसांची रीघ लागायची, अभ्यास व्हायचा नाही. मी लिहिलं, 'दादा, दसऱ्याला खरंच येऊ नकोस, माझे पेपर आहेत. डिसेंबरात मला वेळच वेळ आहे.' मग मी पत्र त्यांना वाचून दाखवलं. ती ओळ सोडून.

त्याचं उत्तर लवकर आलं. चारच ओळी होत्या. 'रजा बदलली. एका सोबत्याला सणाला घरी जायचं होतं, त्याला माझी दिली. डिसेंबरात नक्की येतो. खालच्या वाफ्यात या टायमाला मुळा नका लावू, कीड पडते. बारके, पेपर नीट लिही.'

ऑक्टोबरात त्यांची तुकडी श्रीलंकेत गेली. आम्हाला ते माहीत नव्हतं. रेडिओवर तिकडच्या लढाईच्या बातम्या लागत, पण दादा कुठल्या तरी थंड मुलखात आहे असंच आमच्या डोक्यात होतं. लंका म्हटलं की आईला फक्त रामायण माहीत. माझी परीक्षा झाली, दसरा झाला. दारात आपट्याची पानं सुकून गोळा झाली. पत्र येईना. आबा म्हणाले, "डिसेंबरात येतोच हाय, कशाला लिहील?"

तार आली तेव्हा अकरा वाजले असतील. आबा बाजारातून परतायचे होते. आई भेंडी तोडत होती, हाताला फडकं गुंडाळून. तारवाला बांधावरून आला आणि त्यानं माझी सही घेतली. तो थांबला नाही, वळून झपझप चालू लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तार इंग्रजीत होती. मी ती वाचली. इंग्रजी मला बरं यायचं, तरी मी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. एखादा शब्द आपल्याला चुकीचा समजला असेल, असं वाटत होतं.

"काय म्हनतोय?" आईनं वाफ्यातूनच विचारलं. "रजा मिळाली?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओच्यात भेंड्या होत्या. मला तो शब्द मराठीत म्हणता येईना. मी म्हणाले, "दादाला लागलंय."

"कुठं?"

"नाही लिहिलं."

तिनं ओचा तिथंच सोडला. भेंड्या वाफ्यात सांडल्या. खोपीत जाऊन तिनं भाकरी बांधली, त्याचं एक जुनं स्वेटर घेतलं आणि मला म्हणाली, "चल, कुठल्या दवाखान्यात हाय ते ठेसनावर इचारू." मी तिला सांगितलं नाही. ती नवं लुगडं नेसली, मग तिनं कपाळाला कुंकू नीट लावलं, चपला शोधल्या. मी सगळं बघत होते. "आबा येऊ दे," एवढंच म्हणत होते. ती माझ्यावर ओरडली, "तुझ्या भावाला लागलंय आन् तू हुबी काय ऱ्हायलीस?"

आबा आले. रिकामा हारा त्यांच्या हातात होता. ते माझ्या तोंडाकडे बघून थांबले, मग तारेकडे बघितलं. त्यांनी आईला काही विचारलं नाही. मला म्हणाले, "हाय का?"

मी मान हलवली. नाही.

आईच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. ती मला म्हणाली, "तू तर म्हनलीस लागलंय." ती तसंच म्हणत राहिली, दुपारभर, शेजारच्या बायका आल्या तरी. "ही तर म्हनली लागलंय."

त्याचं अंत्यदर्शन आम्हाला झालं नाही. तिकडेच त्याला अग्नी दिला होता. महिन्याभरानं त्याची पेटी आणि लाल फडक्यात बांधलेल्या अस्थी घेऊन त्याचा एक सोबती आला. कोल्हापूरकडचा, दादाच्याच वयाचा. आई-आबांसमोर तो ताठ बसून बोलला. रस्त्याखाली सुरुंग पेरला होता, गाडी वर गेली, त्रास झाला नसेल. हे त्यानं पाठ करून आणल्यासारखं सांगितलं. मग पाणी प्यायला म्हणून विहिरीवर आला, मी रहाट ओढत होते.

"ताई," तो म्हणाला, "मी न्हवतो तिथं. मी गेलोच नाही तिकडं. मी घरी होतो, दसऱ्याला. ती रजा त्याची होती."

मला आधीच कळलं होतं. त्यानं पाऊल टाकलं तेव्हापासून कळलं होतं, कारण लढाईतून आलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. नुकता घरचं जेवून आलेला दिसत होता. तो रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "आईला सांगू नका." त्यानं डोळे पुसून मान हलवली. मला त्या वेळी त्याचा राग आला होता. आणि तो जिवंत आहे म्हणून राग येतो याची लाजही वाटत होती. निघताना तो आईच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही.

अस्थींवरून आई-आबांचं भांडण झालं. मी त्यांना त्याआधी एवढं भांडताना पाहिलं नव्हतं. आईचं म्हणणं, त्याला धरणावर न्यायचं. "आपलं गाव तिथं खाली हाय. सासू-सासरं तिथं हायती. त्येंच्याजवळ जाऊ दे त्येला."

"त्येनं गाव बगितलंबी न्हाई," आबा म्हणाले. "त्याचा जलम हितला. ह्या जमिनीपायी गेला त्यो."

"म्हनून मातीत मिसळायचा?"

"आता कोन उठवतंय बगतो मी," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई कपडे धुवायला गेली असताना त्यांनी खालच्या वाफ्यात अस्थी पसरल्या, कुदळीनं माती वर ओढली आणि पाणी सोडलं. आई परत आली, ओल्या वाफ्याकडे तिनं बघितलं आणि बादली खाली ठेवली. संक्रांतीपर्यंत ती आबांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण त्यांच्याशी बोलायचं ते माझ्यामार्फत.

डिसेंबरात सुनावणी झाली. आबा तार घेऊन गेले, मी सोबत होते. साहेबांनी तार वाचली आणि ते खुर्चीतून उभे राहिले. आबांना बसायला दिलं, पाणी मागवलं. खरंच भला माणूस होता. मग त्यांनी उतारे उलटले आणि विचारलं, "बाबा, एखादी पावती? शेठना काही दिल्याची?"

"भाजी देत होतो सायेब."

"भाजीची पावती?"

"भाजीची कसली पावती?"

साहेबांनी उतारे मिटून ठेवले. शेवटी म्हणाले, "शहिदाच्या कुटुंबाला जमिनीसाठी अर्ज करता येतो. मी स्वतः शिफारस करतो. पण मुंबईत जमीन नाही. लांब मिळेल, आणि पडीक असेल. साफ करावी लागेल."

आबांनी आपले हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताची दोन बोटं पहारीनं ठेचून वाकडी झालेली होती. "साठीला आलो सायेब," ते म्हणाले. "आजून किती रान तोडू?"

निकाल आमच्या विरुद्ध गेला. पुढच्या थंडीत, सकाळी दहाच्या सुमारास माणसं आणि मशीन आली. मुळा तयार होता. आई खुरपं हातात घेऊन बांधावर उभी राहिली, पण तिच्याशी कोणी भांडलंच नाही. ती माणसं आपापलं काम करू लागली. आधी खोपी, मग मांडव. मग विहीर बुजवली. तिच्यात टाकायला बाहेरून दगड आणायची गरज पडली नाही. आमचे बांध होते.

आबा खालच्या वाफ्यात जाऊन बसले. मुळ्याच्या पाल्यात, मांडी घालून. दोघांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. "बाबा, उठा ना, लागेल तुम्हाला," त्यातला एक म्हणत होता. आबांनी दोन्ही मुठींत पाला धरला होता, तो उपटून त्यांच्याबरोबर आला.

बिल्डरनं कांजूरमार्गला एका चाळीत खोली दिली. पूर्वेकडून वारा सुटला की मुलुंडच्या कचऱ्याच्या डेपोचा वास घरात भरे. आई खिडकीला ओलं फडकं लावायची. मी एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. आबा रोज सकाळी चालत मुलुंडला जात. तिथं पत्रे ठोकले होते. पहिल्यांदा वॉचमन त्यांना आत सोडायचा, मग त्याला कुणीतरी दम भरला असावा. तेव्हापासून ते पत्र्याच्या फटीतून बघायचे आणि दुपारी परत यायचे. आम्ही विचारलं नाही, ते सांगत नसत.

एक दिवस ते लवकर परतले. घामानं भिजलेले होते. दारातच बसले. आई तांदूळ निवडत होती.

"पाया खनतायत," ते म्हणाले. "माती ट्रकात भरून न्हेत्यात. मी डायवरला इचारलं, कुठं न्हेता म्हनून." ते थांबले. "भरणीला. खाडीत."

आईनं सूप खाली ठेवलं.

"खाडीत टाकला गं त्येला," आबा म्हणाले. "खाऱ्या पान्यात."

मग त्यांच्यापुढं तांब्या ठेवला. मग पुन्हा सूप घेतलं आणि निवडलेलेच तांदूळ निवडत बसली.

त्यानंतर आबा मुलुंडला गेले नाहीत. कुठंच गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई घास मळून तोंडाशी नेई, ते दात मिटून घेत. डॉक्टरांनी कावीळ सांगितली, औषधं दिली. ती कधी ओकून टाकत, कधी घेतच नसत. एकदा मी त्यांना विचारलं, "आबा, काय हवंय?" ते म्हणाले, "मला लिवता येत असतं तर बरं झालं असतं." मला वाटलं ते पावत्यांबद्दल बोलत असावेत, पण मी खोदून विचारलं नाही. मला भीती वाटली. पावसाळ्याच्या आधी ते गेले. त्यांच्या अस्थी आई स्वतः एसटीनं धरणावर घेऊन गेली. या वेळी तिला कुणाला विचारायचं नव्हतं. मला म्हणाली, "तू कामाला जा." मी गेले.

नंतर ती कांजूरला स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसू लागली. दुसऱ्याची भाजी. पहिले काही दिवस तिला ओरडून विकता येईना. आबाच विकत असत, ती फक्त पिकवायची. गिऱ्हाईक पुढून निघून जाई आणि ती बघत राही.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी मेथीच्या जुड्या बांधत होतो. मी काही ठरवलं नव्हतं. हात चालू होते आणि तोंडातून निघून गेलं. "आई, दादाची ती रजा दसऱ्याची होती. त्यानं ती ज्याला दिली तो सोबती म्हणजे तोच. अस्थी घेऊन आलेला."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"त्यानंच सांगितलं. पाया पडला तवा."

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलू? मीबी तिथंच बसले हुते गवार मोडत. आडवं पडायला पायजे हुतं म्या. एकदा म्हनले आन् गप झाले." तिनं जुडी बांधून बाजूला ठेवली. "तुजा बा बी ह्येच चघळत गेला."

तेव्हा मी तिला ती ओळ सांगितली. माझ्या पेपरांची. वाचून न दाखवलेली.

बाहेर नळावर बायका भांडत होत्या, एकीची कळशी आपटल्याचा आवाज आला. मला वाटत होतं तिनं मला मारावं. लहानपणी मारायची तसं, हाताला येईल त्यानं.

"पास झालीस न्हवं?" तिनं विचारलं.

"झाले."

"मग झालं."

ती पुढची जुडी बांधू लागली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर बोलायला लागली ते भाजीचं, पाण्याचं, घरातलं. या विषयावर पुन्हा नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुलुंडच्या एका मंडळाची दोन माणसं आमची खोली शोधत आली. मळ्याच्या जागी नव्या इमारती उठत होत्या. त्यांच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या वाटेला दादाचं नाव द्यायचं ठरलंय, म्हणाले. कार्यक्रम करू, पाटी लावू, फोटो हवा.

"कुठली वाट?" आईनं विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं. आमच्या मळ्याच्या कडेला पिंपळ होता, त्याच्या बाजूनं खाली येते ती. म्हणजे आमच्या मळ्यातूनच. मला वाटलं आई त्यांना हाकलून देईल. मी तोंड उघडणार होते, तिनं हातानं मला थांबवलं. फळीवरचा दादाचा फोटो तिनं काढला. वर्दीतला तो एकच होता, पेटीतून आलेला. पदरानं काच पुसून तिनं तो त्यांच्या हातात दिला.

"नाव नीट लिवा," ती म्हणाली. "हिच्याकडनं लिहून घ्या. हिचं अक्षर चांगलं हाय."

मी कागदावर नाव लिहून दिलं. दादाचं, आबांचं, आडनाव. अक्षर चांगलं आलं.

ती माणसं परत आली नाहीत. दोन महिन्यांनी मी त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी गेले. तिथं दुसरेच लोक बसले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ते आता मालाडला असतात. मी मालाडलाही जाऊन आले. रस्त्याला पाटी लागली नाही. फोटोही मिळाला नाही.

घरी आले की आई विचारायची, "दिला का?" मी म्हणायचे, देतील. फळीवर त्या फोटोच्या जागी तिनं काही ठेवलं नाही. पुढच्या गणपतीपर्यंत ती विचारत होती. मग तिनं विचारणं सोडलं.